खिळ्यावरचा कप

कप ओला होता.

मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला तो नेहमीसारखा कानानं लटकत होता आणि त्याच्या बुडाशी पाण्याचा एक थेंब जमून राहिला होता. पडू पडू करत होता, पडत नव्हता. पुढून अख्खा कापूस बाजार जिनाकडे, सरकी काढायच्या कारखान्याकडे पळत होता. रुईच्या गंजीला आग लागली होती. बैल बिथरले होते, गाडीवाले एकमेकांच्या नावानं बोंबलत होते, बाकावरची माणसं चहा अर्धा टाकून गेली होती, आणि जमुनाबाई भट्टी तशीच सोडून मागच्या खिडकीतून त्या थेंबाकडे पाहत उभी होती. आदल्या दिवशीच तिनं पाहिलं होतं, त्या कपाच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं धरलं होतं. दिवाळीपासून त्या कपाला कोणी शिवलं नव्हतं. मग आज कोण पिऊन गेलं? चहा तर तिनंच ओतला होता. तिनंच ओतला होता आणि कोणाला ओतला ते तिला माहीत नव्हतं. हे डोक्यात उतरलं तेव्हा थेंब पडला.

माहीत नसणं तिच्या सवयीचं नव्हतं. नवरा मेल्यावर ती त्याच्या भट्टीवर बसली तेव्हा अमरावतीच्या बाजारानं आधी टिंगल केली, मग चहा प्यायला, मग तिला घाबरायला लागला. ती माणूस चहावरून ओळखायची. कोण बशीत ओतून फुंकतो, कोण साय बोटानं बाजूला करतो, कोण पहिला घोट घ्यायच्या आधी चार थेंब जमिनीवर सांडतो. चांदूर रेल्वेचा एक दलाल नेहमी दुप्पट साखर मागायचा. एक दिवस बिनसाखरेचा मागितला तेव्हा तिनं विचारलं होतं, ‘कोन गेलं घरचं?’ आणि तो धिप्पाड माणूस बाकावर बसून रडला होता. गाड्यांच्या बैलांच्या घुंगुरमाळा चोरीला जायच्या तेव्हा चोर तिनंच काढून दिला होता. रोज बाजाराकडे तोंड करून बसणारा माणूस अचानक भिंतीकडे तोंड करून चहा पिऊ लागला, एवढ्यावरून. तेव्हापासून बाजारात काही हरवलं की लोक पोलिसात जायच्या आधी तिच्याकडे यायचे. ‘जमुनाबाईले इचारा. तिले समदं दिसते.’ समदं दिसते! तिला स्वतःला हे ऐकायला फार आवडायचं. रात्री पाठ टेकताना ती ते वाक्य चघळायची.

आणि मागची खिडकी? मागच्या खिडकीचं काय? ती खिडकी नवऱ्यानं पाडून घेतली होती. भिंतीत खिळा, खिळ्याला कप, खाली पाण्याचा डबा. महारपुऱ्यातला माणूस मागून यायचा, खिळ्यावरचा कप काढून खिडकीच्या फळीवर ठेवायचा, दोन पावलं मागं सरायचा. ती किटली उंच धरून ओतायची. वरून. धार तुटू न देता. मग तो कप उचलून नालीपाशी उकिडवा बसून प्यायचा, विसळायचा, परत लटकवायचा. पैसा फळीवर ठेवून जायचा, त्यावर ती पाणी शिंपडून घ्यायची. कप पुढच्यांच्याच डझनातला होता. तेच निळे काठ, तोच कान. खिळ्यावर लटकला म्हणून वेगळा. चहा मात्र खरंच वेगळा होता. पुढचा गाळून झाला की चोथा दुसऱ्या किटलीत जायचा, त्यात पाणी आणि गुळाचा खडा. तो मागचा चहा. नवरा तसंच करायचा, ती तसंच करायची. ओतताना ती कपात पाहायची, कारण धार कपात पडायला हवी. कपाच्या वर पाहायचं कारण नव्हतं. इतकी वर्षं त्या खिडकीतून किती माणसं पिऊन गेली, आणि तिला त्यांतल्या एकाचं नाक सांगता आलं नसतं.

मग मागच्या दसऱ्याला ती माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. पांढरी लुगडी नेसून बाया गेल्या, पांढऱ्या लुगड्यांनी परत आल्या. देव नालीत टाकले म्हणे. वस्तीचं नाव बदललं. आणि वस्तीनं मिळून ठरवलं की ज्या हॉटेलात कप बाहेर आहे तिथं चहा प्यायचा नाही. मेलो तरी नाही. दिवाळीपासून मागं कोणी फिरकलं नाही. बाकावर यावरून हसणं व्हायचं. ‘आता तुमी कप अंदर घ्या वयनी, ते येतीन खुर्चीवर बसाले,’ असं किसनराव म्हणायचा. किसनराव जिनाचा जमादार, तिच्या नवऱ्याच्या चुलतभावातला. ती पण हसायची. पण मागच्या किटलीत चोथा टाकायची सवय गेली नव्हती. रोज टाकायची, रोज ओतून द्यायची.

आग विझली तेव्हा गंजीमागं रामराव चौकीदार सापडला. म्हातारा तिथं सावलीला झोपायचा. त्याला बाहेर काढलं तेव्हा तो माणूस आहे हे त्याच्या पायातल्या जोड्यावरून कळलं. आणि दिवस मावळायच्या आत पोलिसांनी देवमनला धरलं. देवमन जिनात कापसाच्या पाट्या वाहायचा. त्या दिवशी सकाळीच त्यानं किसनरावाशी भांडण केलं होतं. पाणी वरून ओंजळीत घेणार नाही, माठातून पेल्यानं घेईन, असं तो अख्ख्या जिनासमोर म्हणाला होता. किसनरावानं त्याला गचांडी धरून फाटकाबाहेर काढलं. ‘पाहून घेईन,’ असं तो ओरडला, ते सगळ्यांनी ऐकलं. मग दुपारी आग. आणखी काय पाहिजे? फौजदारानं विचारलं, तू दुपारी कुठं होतास? तो बोलला नाही. मारलं तरी बोलला नाही. बाकावर लोक म्हणाले, बोलत नाही म्हणजे त्यानंच लावली.

जमुनाबाई भट्टीपुढं बसून दूध ढवळत होती आणि तिच्या आत ती दुपार परत परत उकळत होती. गर्दी होती. परतवाड्याकडच्या गाड्या आल्या होत्या. पाठीमागं फळीवर कप ठेवल्याचा आवाज आला. ‘टक’. बास. तिनं मान न वळवता डाव्या हातानं मागची किटली उचलली, वळली, ओतलं. इतक्या वर्षांची सवय, महिने मध्ये गेले तरी हात विसरला नव्हता. हातच होता तो, डोकं नव्हतं. फळीवरून एक दुसरा हात मागं सरकला होता. त्याच्या अंगठ्याला नख नव्हतं. नखाच्या जागी काळी, गुळगुळीत कातडी. एवढं तिनं पाहिलं होतं. पाहिलं होतं हे तिला तेव्हा माहीत नव्हतं. मग तिच्याच हातानं पुढच्या बाकावर कप ठेवले, मग किसनराव आला, मग आरोळी झाली.

किसनराव आला. ती इथं थांबायची. जिनाच्या फाटकावर काडेपेटी काढून घेत. आत ठिणगी नको म्हणून. त्यामुळं जिनातला झाडून प्रत्येक माणूस बिडी तिच्याकडं पेटवायचा. खांबाला जळता सुंभ बांधलेला असे. जमादार असो की हमाल, फाटकातून बाहेर यायचा तो कोरडी बिडी ओठात धरून, आणि आधी सुंभाकडं जायचा, मग बाकावर. त्या दिवशी किसनराव सरळ बाकावर बसला. बिडी पेटलेली होती. अर्धी झाली होती. आणि चहा नेहमी बशीत ओतून लहान मुलासारखा फुंकणारा माणूस कडकडीत चहा कपानंच घटाघटा प्याला. तोंड पोळलं असेल. फाटकाकडं बघत नव्हता. सगळे आगीकडं धावले तेव्हा सगळ्यांत शेवटी उठला.

यंत्रात सापडून देवमनच्या अंगठ्याचं नख गेलं होतं, हे बाकावरच्या बोलण्यातून तिनं ऐकलं होतं. तेव्हा सगळं होतं तिच्याकडं. कोणी लावली, कोणी नाही लावली. घुंगुरमाळांच्या चोरापेक्षा सोपं. ती फौजदाराकडं गेली. फौजदारानं ऐकून घेतलं, हसला.

‘बाई, बिडी पेटलेली होती म्हणजे गंजी पेटवली? मग अर्धी अमरावती फासावर द्यावी लागेल.’

‘काडेपेटी अंदर नेता येत नाही सायेब. त्यानं नेली असंन. चुकून ठिणगी पडली असंन. मी कुठं म्हन्तो मुद्दाम लावली?’

‘आणि देवमन?’

‘तो माह्या मांगं चहा पिऊन राहिला होता.’

‘तू पाहिलंस का?’

फौजदारानं पानाची पिचकारी मारली. ‘घरी जा. किसनराव तुझा दीर लागतो ना? शेताबांधाचं काही असेल तर दिवाणीत जा.’

पाहिलंस का. हे दोन शब्द तिच्या मागं लागले. चहा ओतताना, भांडी घासताना, शेजारणीशी बोलताना. पाहिलंस का. ती बाकावरच्या माणसांकडं बघायची. हा डावखुरा, ह्याचा दात दुखतो, ह्याची बायको माहेरी गेली. सगळं दिसायचं. मग ती मान वळवून मागच्या खिडकीकडं बघायची आणि तिथं चौकोनी ऊन असायचं, बाकी काही नाही. एवढी वर्षं तिथं माणसं उभी होती. तिला वाटायचं, आपण आंधळे असतो तर बरं होतं, आंधळ्याला कोणी विचारत नाही.

शेवटी ती वस्तीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा. देवमनची माय गोदाबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. आतल्या भिंतीवर देवाच्या जागी बाबासाहेबांचा फोटो होता, त्याला ताजा हार.

‘मी जमुना. हॉटेलवाली.’

‘माहीत हाय. तुह्या हॉटेलातलं पानी पेऊन माह्या नवऱ्याची जिंदगी गेली.’

‘तुह्या पोराले सोडोता येईन. तो त्या दुपारी माह्या इथं होता. मांगं. चहा पेला त्यानं.’

गोदाबाईचे हात थांबले. मग तिनं एक खडा उचलून लांब फेकला.

‘माहा पोरगा तुह्या इथं चहा पेत नाही.’

‘पेला, माय.’

‘माय म्हनू नोको मले. आमी सप्पत घेतली हाय. सकाळी तो पान्यासाठी भांडला, समद्या जिनापुढं भांडला. अन दुपारी तुह्या खिळ्यावरचा कप घेईन? थो? काहून घेईन?’

‘तहान लागली असंन.’

‘तहान!’ ती हसली. ते हसणं पाहून जमुनाबाईला उठून जावंसं वाटलं. ‘तू पाहिलं का त्याले? तोंड पाहिलं?’

‘हात पाहिला.’

‘हात.’ गोदाबाई उठली. सूप आत नेऊन ठेवलं, परत आली, दारात उभी राहिली. ‘आयक. आगीसाठी माहा पोरगा जेलात गेला तर वस्ती म्हनीन, पान्यासाठी गेला. अन तू कोडतात सांगशीन का तो तुह्या नालीवर बसून चहा पेत होता, तर वस्ती काय म्हनीन? तू त्याले सोडोशीन अन मी त्याले घरात कोन्या तोंडानं घेऊ? जाय बाई. तुह्या पाया पडतो, जाय.’

आणि खरंच ती पाया पडायला वाकली, म्हणून जमुनाबाई मागं सरली. दोन पावलं. तिच्या लक्षात आलं, खिडकीपासून ते जेवढं मागं सरायचे, तेवढीच.

तिला वाटलं होतं, सत्य म्हणजे दूध. भांड्यात आहे की नाही एवढाच प्रश्न. पण इथं तर एका बाईला आपला पोरगा वाचायला नको होता, आणि ती बाई खोटी नव्हती. परत येताना रस्ताभर ती देवमनवर चिडत होती. कशाला आलास रे मेल्या? एवढा ताठ होतास तर ताठ राहायचं. सकाळी माठासाठी उभा राहिलास, दुपारी फळीवर कप ठेवलास. मला हाक तरी मारायची. ‘बाई’ म्हणायचं, ‘ए म्हातारे’ म्हणायचं, शिवी द्यायची. मी वर पाहिलं असतं. पाहिलं असतं? कोणास ठाऊक.

वस्तीतल्या शिकलेल्या पोरांनी वकील दिला होता, कमलाकांत वकील. ती त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा पुसला.

‘हे पाहा, जमुनाबाई. तुम्ही म्हणालात की तो आत बसून चहा पीत होता, तर तुमची सगळी गिऱ्हाइकं शपथेवर सांगतील की नव्हता. म्हणालात की मागे पीत होता, वेगळ्या कपातून, तर अस्पृश्यतेविरुद्ध पंचावन्न सालचा कायदा आहे. तुम्ही स्वतः गुन्हा कबूल करता. मला तुम्हाला साक्षीला बोलावायचं आहे, पण हे सांगणं माझं काम आहे.’

‘मले जेल होईन?’

‘होऊ शकते. दंड तरी होईल.’

‘होऊ द्या.’

हे म्हणताना तिला छातीत एकदम मोकळं वाटलं. शिक्षा. कोणीतरी तिच्याकडं बोट दाखवेल, म्हणेल, ही बाई वरून ओतायची. मग ते मोजून होईल आणि संपेल. वकीलसाहेबांसाठी आतून चिनी मातीच्या कपात चहा आला, तिच्यासाठी पितळी पेल्यात. तिनं तो प्याला. निघताना अंगणातल्या बादलीतून पाणी घेऊन पेला विसळला आणि ओसरीच्या कडेला उपडा ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं. वकीलसाहेब कागदात बघत होते. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तिला कळलं की आपण काय केलं, आणि ती भिंतीला धरून उभी राहिली. वकीलसाहेब भला माणूस होता. तिचा नवराही भलाच होता.

कोर्टात उन्हाळा होता. पंखा कुरकुरत होता. पिंजऱ्यात एक माणूस उभा होता आणि तो देवमन होता. तिनं शपथेवर खिडकी, खिळा, वरून ओतणं, सगळं सांगितलं. मग सरकारी वकिलानं विचारलं, ‘याला ओळखता का?’ ती पाहू लागली. लांबट चेहरा, कपाळावर जुनी खोक, डोळे मायसारखे. तरणाबांड नव्हता, तिला उगाच तसं वाटत होतं. चांगला बाप्या माणूस. दाढी वाढलेली. ती बघतच राहिली. तिला वाटलं, या माणसाला बशीत चहा आवडत असेल का? साय आवडत असेल का?

‘बाई, ओळखता का?’

‘तोंड नाही पाहिलं. हात पाहिला. अंगठ्याले नख नाही त्याच्या.’

मागं कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी मान वर केली. सगळ्यांनी पिंजऱ्याकडं पाहिलं. पिंजऱ्याच्या दांडीवर देवमनचे दोन हात होते आणि तिच्या डोळ्यांसमोर त्यातल्या उजव्या हातानं हळूच अंगठा मुठीत घेतला. मूठ मिटली. मग तो हात खाली गेला, सदऱ्याच्या आड. त्यानं तिच्याकडं पाहिलं. रागानं नाही. राग असता तर ती जगली असती. वस्तीत जी बाई तिच्या पायाशी वाकली होती तिच्याच डोळ्यांनी त्यानं पाहिलं. जाय बाई.

‘तुला काही सांगायचं आहे का?’ न्यायाधीशांनी विचारलं.

‘मी त्या हॉटेलात कधी गेलो नाही सायेब,’ देवमन म्हणाला. आवाज बसका होता. तो आवाजही ती पहिल्यांदा ऐकत होती. ‘मी त्या दिवशी कोनाच्या हातचं काही पेलो नाही.’

कमलाकांत वकिलांनी फाइल बंद केली. अंगठा बघा म्हणून ते ओरडले नाहीत. आरोपीच नाही म्हणतो तर काय ओरडणार? वेगळ्या कपाबद्दल, मागच्या खिडकीबद्दल, तिनं शपथेवर जे जे कबूल केलं होतं त्याबद्दल तिला कोणी एक शब्द विचारला नाही. ना दंड, ना ताकीद. पट्टेवाल्यानं सांगितलं, ‘बाई, उतरा.’ गुन्हा सांगूनही तो कोणाला ऐकू गेला नव्हता. रोजचं आहे ते कोण ऐकतं? देवमनला लांबची सजा झाली. त्याला नेताना वस्तीतल्या माणसांनी त्याच्या नावाचा जयजयकार केला आणि गोदाबाई ताठ उभी होती, डोळे कोरडे.

जमुनाबाई परत आली. भट्टी पेटवली. मागं गेली आणि खिळ्यावरचा कप काढून आणला. काय करणार होती हे तिलाही माहीत नव्हतं. फोडायचा होता बहुतेक. हातात धरून पाहिला. निळे काठ, धड कान, कुठं टवका नाही. तेवढ्यात किसनराव आला. सुंभावर बिडी पेटवली, ऐसपैस बसला. आजूबाजूला नेहमीची माणसं.

‘काय वयनी, कोडतात जाऊन आल्या म्हन्तेत. बालिस्टर झाल्या का?’ बाक हसला.

तिनं त्याच कपात चहा गाळला, पुढचा, सायीचा, आणि त्याच्यापुढं ठेवला. आत्ता ओळखेल. आत्ता थुंकेल, उठेल, माझ्या अंगावर फेकेल, आणि मग मी ओरडून सगळं सांगीन, बिडीचं, ठिणगीचं, रामरावाच्या जोड्याचं. किसनरावानं चहा बशीत ओतला, फुंकला, सुर्रकन ओढला.

‘वा. आज चहा झकास झाला.’

बास. एवढंच. तो कप त्यानंही कधी पाहिला नव्हता. कोणीच पाहिला नव्हता. त्यानं रिकामा कप बाकाखालच्या पाण्याच्या बादलीत टाकला, बाकीच्यांनी आपापले टाकले, तिनं पुन्हा काढले, पुन्हा भरले, पुन्हा वाटले. मग बिडी विझवायला तो मागच्या बाजूला गेला आणि तिथूनच ओरडला.

‘वयनी, खिळ्यावरचा कप कुठी हाय?’

कप दिसला नव्हता. खिळा दिसला. रिकामा खिळा लगेच दिसला.

‘अंदर हाय,’ ती म्हणाली. ‘यातच हाय कोनता तरी.’

‘कोनता?’

तिनं बाकावरचे कप पाहिले, बादलीत हात घालून पाहिलं. खरंच पाहिलं. बाजारातला माणूस न् माणूस ओळखणाऱ्या त्या बाईला तो कप ओळखू आला नाही. ‘मले नाही मालूम,’ ती म्हणाली, आणि ते इतकं खरं होतं की कोणी वाद घातला नाही. एकानं आपला कप खाली ठेवला. मग दुसऱ्यानं. एक जण नालीपाशी जाऊन बोटं घालून ओकू लागला. किसनराव धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत राहिला, पुसत राहिला, ओठ सोलून काढायचे असल्यासारखा. मग सगळे उठून गेले. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात जाऊन बसले. तिथं मागं खिळा होता.

बाकावर भरलेले कप तसेच होते. त्यांच्यावर साय धरत होती. जमुनाबाई उठली. मागच्या किटलीत सवयीनं टाकलेला चोथा उकळून खाली बसला होता. तिनं एक कप रिकामा केला, कोणता ते पाहिलं नाही, आणि तो मागचा चहा त्यात ओतला. इतकी वर्षं ओतला होता, कधी चाखला नव्हता. उभ्या उभ्या तिनं घोट घेतला. गुळाचं कोमट पाणी. जिभेला नुसतं गोड लागलं, मग तुरट, मग काहीच नाही. चहा त्यात नव्हता.

याच्यासाठी आला होता तो.